दोन सूत

“किती झालं गं?” काकांनी त्यांच्या पायरीवरून विचारलं.

“कापडाखाली एकेचाळीस,” मी जीपमधून ओरडून सांगितलं. “फायबरच्या तुकड्याखाली अडतीस.”

“ऐकलं का म्हणावं.”

हे माझ्यासाठी नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्या पायरीवर, काकांपासून बारा फुटांवर, वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान खाली न करता ते म्हणाले, “त्याला सांग, उकडायला लागलं की माणूस हूड मागं टाकतो. दोन बकलं सोडली, ढकललं, झालं. गाडी चालू असली तरी चालतंय. फायबरचा टप गाडीतनं जाताना कुठं टाकणार? डोक्यावर घेणार?”

“त्यांनास्नी सांग,” काका म्हणाले, “टप घरी ठिवून जायाचं. आभाळ बघून निघायचं. ज्याला आभाळ बघता येत न्हाई त्यानं बैलगाडी घ्यावी.”

मी काहीच सांगितलं नाही. दोघांनाही दोघांचं स्पष्ट ऐकू आलं होतं. मी वहीत तापमान लिहिलं आणि त्याखाली लिहिलं: मत बदलण्याची सोय, हूड एक, टप शून्य.

आजऱ्यात आमचं घर एकच होतं, पण त्याला दोन पायऱ्या, दोन दारं आणि मधे एक विटांची भिंत होती. आबा, म्हणजे माझे आजोबा, गेल्यावर सगळ्याच्या वाटण्या झाल्या. काजूची झाडं वाटली, भांडी वाटली, पाटा अप्पांकडे आला आणि वरवंटाही अप्पांकडेच आला, कारण काकू म्हणाल्या की नुसता वरवंटा घेऊन मी काय करू. फणसाखाली उभी असलेली जीप मात्र वाटता येईना. आबांनी ती मिलिटरीच्या लिलावातून आणली होती. मग ठरलं की सोमवार ते बुधवार ती अप्पांची, गुरुवार ते शनिवार काकांची. रविवार कुणाचाच नव्हता. रविवारी ती उभी असायची.

सहा वर्षं हे असं चाललं होतं. बोलणं बंद होतं ते दोघा भावांत. आई आणि काकू भिंतीवरून आमटीच्या वाट्या द्यायच्या, मला दोन्ही घरांत ताट होतं. पण अप्पा आणि काका एकमेकांशी बोलत ते माझ्यामार्फत. मी शाळेत होते तेव्हापासून त्या दोघांमधली तार होते.

त्या उन्हाळ्यात मला बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. पुढच्या शिक्षणासाठी जूनमध्ये पुण्याला जायचं होतं. जीपचं जुनं हूड तोपर्यंत इतकं फाटलं होतं की त्यातून फणसाची पानं आत पडत. पावसाच्या आधी नवीन छप्पर हवंच होतं आणि इथे दोघांचं अडलं. अप्पांना परत कापडीच हूड हवं होतं, मागे दुमडता येणारं. काकांना फायबरचा कडक टप हवा होता, काढून ठेवता येणारा. त्यातच आंबोलीच्या वाटेवरचा एक हॉटेलवाला येऊन बघून गेला. त्याला जीप चालवायची नव्हती. त्याला ती हॉटेलच्या फाटकापाशी उभी करून तिच्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या.

“मग विकूया,” काका म्हणाले होते. “भांडण तरी मिटंल.”

“त्याला सांग, विकूया,” अप्पाही म्हणाले होते.

सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं आणि ते याच गोष्टीवर.  जीप गेली असती तर त्या दोन दारांमध्ये सामायिक असं काहीच उरलं नसतं. मी पुण्याला गेल्यावर तर बोलायला तारही नव्हती.

सकाळी मी दोघांना वेगवेगळं सांगितलं की मोजून ठरवू. ऊन, पाऊस, आवाज, सगळं मोजते, आणि मग जे येईल ते दोघांनी मान्य करायचं.

“तू शिकलेली,” काका म्हणाले. “तू सांगशील ते मान्य. पण न्हाई पटलं तर हॉटेलवाला मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय.”

अप्पा म्हणाले, “माझी मुलगी आहे. बरोबरच सांगेल.” म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

मग मी मोजत राहिले. एप्रिलचे रविवार मी त्या जीपमध्ये काढले. कॉलेजचा एक निरुपयोगी ठरवलेला तापमापक होता, तो मला चालत होता. गडहिंग्लजच्या मुनीर मिस्त्रींनी नमुन्याला हूडाच्या कापडाचा हातभर तुकडा आणि फायबरचा एक तुकडा दिला होता. दोन्हींवर बादलीभर पाणी ओतून मी किती थेंब आत येतात ते मोजलं. दोन्हींवर मूठभर शेंगदाणे टाकून आवाज ऐकला. कापडावर शेंगदाणे दूरच्या पावसासारखे वाजले, फायबरवर कुणी दार ठोठावल्यासारखे.

दुपारी कधी कधी मी वही बाजूला ठेवून मागच्या बाकावर आडवी व्हायचे. जुन्या हूडाच्या भोकांतून उन्हाचे गोल पडायचे, माझ्या पोटावर, हातावर. भोकं वेडीवाकडी होती, पण गोल मात्र गोलच. ती सूर्याची चित्रं असतात हे मला ठाऊक होतं, तरी दर वेळी नवल वाटायचं. फाटक्या कापडाला कळतं की सूर्य गोल आहे.

अशा वेळी मला लहानपणची जीप आठवायची. आबा गाडी चालवताहेत, अप्पा शेजारी, काका मागे माझ्याजवळ. रामतीर्थाच्या वाटेवर झाडी लागली की आबा नुसती मान हलवायचे आणि अप्पा पुढची बकलं सोडायचे, काका मागून ओढून घ्यायचे. हूड मासोळीसारखं वळून मागे पडायचं. मग वरून झाडं वाहायला लागायची. मी काकांच्या मांडीवर डोकं ठेवून बघत राहायचे. जीप उभी आहे आणि जंगलच आमच्यावरून वाहत चाललं आहे, असं मला तेव्हा खरोखर वाटत असे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन एसटीने गडहिंग्लजला गेले. मुनीर मिस्त्रींचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. बाहेर शिवणयंत्र, आत फायबरचे साचे. आबांच्या जीपचं पहिलं हूड त्यांनीच शिवलं होतं. त्यांची पाठ धरली होती, म्हणून ते उशीला टेकून बसल्या बसल्या काम सांगत होते.

“आलीस? काय म्हणतंय तुझं शास्त्र?”

मी वही उघडून दाखवली. बारा रकाने होते. हूडाला सात, टपाला पाच.

“मग झालं की. हूड शिवू.”

“एकदा तो कडक टप कसा निघतो ते दाखवाल का चाचा? त्या रकान्यात मी अंदाजानं लिहिलंय.”

कोपऱ्यात कुणाच्या तरी गाडीचा एक टप तयार होऊन उभा होता. “दोन पानं असत्यात,” मुनीरचाचा म्हणाले, “डावं आन् उजवं. मधे पट्टी न्हाई. दोन्ही पानं रबराला रबर लावून एकमेकांस्नी टेकत्यात. पुढं काचेच्या चौकटीला एक चाप, मागं एक चाप. ते सोडायचे आन् पान वर उचलायचं.”

“मी उचलून बघू?”

“एकटी? खुळी का काय! कोपरा फुटंल. हे दोघांचं काम हाय. एक पुढं, एक मागं. मागच्याला चाप दिसतोय, पुढच्याला दिसत न्हाई. म्हणून मागच्यानं सांगायचं आन् पुढच्यानं ऐकायचं. एकदमच उचलाय लागतंय. ह्यात घाई चालत न्हाई.”

मी त्या रकान्याकडे बघत राहिले. ‘उघडायला माणसं: हूड एक, टप दोन.’ तो गुण मी हूडाला दिला होता.

“चाचा,” मी म्हटलं, “टप करा.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सातापेक्षा पाच मोठं कवापासनं झालं?”

“करा ना.”

“बरं बाई. पण मला तिकडं यायला जमणार न्हाई. माप पाठव. काचेच्या चौकटीच्या मध्यापासनं दाराच्या वरच्या कडेपर्यंत, इंच आन् सूत. मिलीमीटर लिवून आणलंस तर परत पाठवीन.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढं मला ठाऊक होतं.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा काका हसले नाहीत की काही नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि गोठ्याकडे गेले. अप्पा पायरीवरून उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, “मोजून आलं हे?”

“हो.”

“वही दाखव.”

“नको अप्पा.”

ते वळले. मग आत जाता जाता आईला म्हणाले, “तिला सांग, जेवून घे म्हणावं. माझी वाट बघू नकोस म्हणावं.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आई चुलीपाशी होती. दोघींनीही ते ऐकलं. त्या दिवसापासून माझ्या आणि अप्पांच्या मधेही एक तार आली, आणि ती आई होती. आई संध्याकाळी पोळ्या लाटताना म्हणाली, “मला काय करायचंय, मी सांगीन. पण या घरात माणसांपेक्षा निरोपच जास्त झालेत.”

माप घ्यायची वेळ आली तेव्हा मी टेप घेऊन निघाले. काका आडवे आले. “माझ्या बाजूचं माप मी घेणार.” चालवणाऱ्याची बाजू म्हणजे उजवी, ती अप्पांची, शेजारची डावी, ती काकांची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आबांनी गाडी चालवणं सोडल्यावर अप्पा गाडी चालवत आणि काका शेजारी बसत, असा एकच महिना गेला होता, पण तेवढ्यात बाजू ठरल्या होत्या. अप्पांनी बुधवारी उजवी बाजू मोजली आणि चिठ्ठीच्या चार घड्या घालून आईकडे दिली. काकांनी गुरुवारी डावी मोजली आणि चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

“उघडू नको. त्यांनास्नी दावू नको. थेट मुनीरला दे.”

“बघू तरी द्या काका, आकडा चुकला तर...”

“आमी आबाच्या हाताखाली घरं बांधल्यात वैजू. तू शेंगदाणं मोज.”

मला तपासायला हवं होतं. दोन माणसं एकच लांबी दोन टोकांकडून मोजतात तेव्हा तिसऱ्याने बेरीज करून बघायची असते, हे पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत असतं. पण उघडणार नाही असं मी शेवटी काकांना वचन दिलं होतं. मी दोन्ही चिठ्ठ्या न उघडता गडहिंग्लजला नेऊन दिल्या.

मेच्या पहिल्या रविवारी मुनीरचाचा टेंपोतून आले. पाठीला पट्टा बांधलेला, हातात काठी. टेंपोवाल्याने दोन्ही पानं पोत्यांवर उतरवून ठेवली आणि पुढच्या भाड्याला निघून गेला. पानं पांढरी शुभ्र होती, काठाला काळं रबर. फणसाखालून ढकलून आम्ही जीप उघड्या अंगणात आणली. ऊन असं होतं की अंगणाचा रंगच उडाला होता. अप्पा त्यांच्या पायरीवर, काका त्यांच्या पायरीवर. काकू आणि आई आपापल्या दारात.

मी आणि काकांनी मिळून आधी एक पान बसवलं, मग दुसरं. चाचा काठीने दाखवत होते. चाप टकटक बसले. चाचांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि तसेच थांबले.

“या अल्ला.”

“काय झालं?”

“तू बघ.”

मी आत शिरले. आत थंड काळोख होता, नवीन रबराचा वास. आणि त्या काळोखाच्या बरोब्बर मधोमध, वरपासून खालपर्यंत, उजेडाचा एक पातळ पडदा उभा होता. दोन्ही पानं एकमेकांना टेकलीच नव्हती. मधली फट काचेपासून मागच्या चापापर्यंत सरळ गेली होती. मी घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावावर सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या क्षणी उभ्या काठीलाही सावली नसते. त्यामुळे तो उजेड कुठेही झुकला नव्हता. दोन सीटांच्या मधून, गिअरच्या दांड्यावरून, सरळ खाली उतरला होता. त्यात धूळ तरंगत होती. मी बोट घातलं तेव्हा बोट क्षणभर सोन्याचं झालं.

किती वेळ मी तशी बसले होते मला माहीत नाही. बाहेर आवाज चढले होते.

“फट हाय?” काका म्हणत होते. “मुनीर, पावसाळ्यात मधे काय मोरी बांधायची का काय?”

“त्याला सांग,” अप्पा माझ्या अनुपस्थितीत फणसाला सांगत होते, “मोजता येत नसेल तर मोजू नये. मला ठाऊक होतं.”

“त्यांनास्नी सांगा, आमचं माप सुताला सूत होतं!”

“थांबा!” मुनीरचाचांनी काठी आपटली. “माझ्या हातनं चूक झाली का तुमच्या, ते आत्ता कळंल. मी चिठ्ठ्या जपून ठिवल्यात. चाळीस वर्सं हाच धंदा करतोय, चिठ्ठी फेकत न्हाई.” त्यांनी खिशातून दोन कागद काढून माझ्याकडे दिले. “वाच पोरी. मोठ्यानं वाच.”

पहिला कागद अप्पांचा, तालुका कचेरीतल्या सुबक अक्षरात. मी वाचला. “उजवी बाजू. मध्यापासून साडेचोवीस इंच. एक सूत कमी धरावे, दुसऱ्या बाजूच्या पानास जागा राहावी.”

दुसरा काकांचा होता, पेन्सिलीने, शब्द मोडून मोडून. “डावी बाजू. साडेचोवीस. यक सूत कमीच कर. दादाच्या पानाला घासाय नको.”

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

“म्हंजे,” मुनीरचाचा सावकाश म्हणाले, “दोघांनी एकेक सूत सोडलं. एकमेकांसाठी. झालं दोन सूत.” ते मग स्वतःशीच हसले. “रबराचं सूत मी आधीच धरलेलं असतंय की लेकांनो. तुमी कशाला सोडायचं?”

अप्पा पायरीवरून उतरले होते. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. स्वतःचा नव्हे, दुसरा. तो त्यांनी बराच वेळ वाचला, पेन्सिलीच्या अकरा शब्दांना लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ.

“जाड रबर लावून देतो,” चाचा म्हणाले. “फट भरून जाईल. पण त्याला पानं काढाय लागतील. माझी पाठ अशी. तुमीच काढा बघू दोघं. हात बी बसंल.”

काका मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. अप्पा काचेपाशी. पहिलं पान अप्पांचं. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये फक्त चार फूट पांढरा फायबर होता. दोघांनीही कडेखाली हात घातले आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

“वैजू, त्याला सांग, आधी मागचा चाप सोड म्हणावं.”

“वैजू, त्यांनास्नी सांग, मी सांगितल्याबिगर उचलू नगा म्हणावं.”

मी दोघांकडे बघितलं. मग मी हातात उरलेला कागद खिशात घातला, पाठ फिरवली आणि स्वयंपाकघरात गेले.

“अगं!” अप्पांचा आवाज आला. “वैजू!”

मी ओ दिली नाही. दारात मुनीरचाचा होते, तेही माझ्या मागोमाग आत आले. “मला पाणी दे बाई,” ते मोठ्याने म्हणाले, आणि दार लोटून घेतलं.

आईने त्यांना तांब्या दिला. मग मला म्हणाली, “वही बघितली मी तुझी. काल. हूडाला सात होते.”

“हो.”

“मग? मोजताना चुकलीस?”

“नाही,” मी म्हणाले आणि खिडकीशी गेले. ध्वनीला माध्यम लागतं, हे आम्हाला काचेच्या हंडीत घंटा ठेवून शिकवलं होतं. हवा काढून घेतली की घंटा हलताना दिसते, पण ऐकू येत नाही. मी आता मधलं माध्यम काढून घेतलं होतं. आता ते दोघे नुसते हलतील आणि काहीच ऐकू येणार नाही, किंवा कुणीतरी स्वतः बोलेल.  हॉटेलवाला येत्या गुरुवारी येणार होता.

खिडकीतून अंगण पांढरं दिसत होतं. जीपला सावली नव्हती, माणसांनाही नव्हती. दोन म्हातारे होऊ लागलेले पुरुष एका पांढऱ्या पानाला धरून उन्हात उभे होते, स्वप्नात उभे असावेत तसे. फणसाचं एक पान तुटून गिरक्या घेत खाली आलं तेवढीच हालचाल.

मग काकांनी मान खाली घालून चाप सोडला. टक्.

“दादा,” ते म्हणाले. “हं.”

पान उचललं गेलं. दोघांनी ते कडेकडेने, लहान पावलं टाकत, पोत्यावर नेऊन ठेवलं. परत आले. दुसऱ्या पानापाशी काका पुन्हा म्हणाले, “दादा, हं,” आणि तेही निघालं. आई माझ्यामागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नव्हतं. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

पानं ठेवून झाल्यावर दोघांना काय करावं ते सुचेना. काकांनी हात धोतराला पुसले. मग जीपच्या उघड्या चौकटीवर हात ठेवून, तिकडेच बघत त्यांनी विचारलं, “दादा, त्या दिवशी... हूड गळत हुतं का रं?”

तो दिवस कुठला ते मला माहीत होतं. गावाला माहीत होतं. आबा गेले तेव्हा अप्पा कामासाठी बेळगावला होते. निरोप मिळाल्यावर जीप घेऊन निघाले, तर हिरण्यकेशीच्या पुलावरून पाणी. पलीकडच्या काठावर ते चार तास जीपमध्ये बसून होते आणि अलीकडे स्मशानात धूर दिसत होता. स्मशानातही पाणी चढेल म्हणून काकांनी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. पलीकडे कोण बसलंय हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. बोलणं तिथून बंद झालं होतं. काकांना कडक टपच का हवा होता, ते मला तेव्हा, खिडकीत उभं राहून समजलं. हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

अप्पांनीही चौकटीवर हात ठेवला. मग म्हणाले, “गळत होतं. पण बाहेर पाऊस जास्त होता.”

“व्हय,” काका म्हणाले.

“तू भिजला असशील.”

“भिजलो की.”

एवढंच बोलणं झालं. मुनीरचाचांनी तांब्या खाली ठेवला आणि बाहेर जाऊन म्हणाले, “जाड रबर लावायचं न्हवं मग?”

“राहू दे,” अप्पा म्हणाले. “नंतर बघू.”

“पाणी येईल बरं का.”

“मधेच येईल ना?” काका म्हणाले. “मधे कोण बसतंय?”

आणि मग, कुणी कुणाला न विचारता, अप्पा उजवीकडून चढले आणि काका डावीकडून. रविवार होता, जीप कुणाचीच नव्हती. अप्पांनी चावी फिरवली आणि खिडकीकडे बघून मला हाक मारली, दोन आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलायला, निरोपासाठी नव्हे. “वैजू, येतेस का? का तिथनंच मोजणार?”

आम्ही रामतीर्थाच्या वाटेला गेलो. मी मागच्या बाकावर आडवी झाले. वर काहीच नव्हतं. झाडी सुरू झाली आणि ती वाहायला लागली, आंब्याची, जांभळाची, काजूची, मधे मधे निळे तुकडे. पुढे दोघांचे आवाज येत होते, पण इंजिनामुळे शब्द कळत नव्हते. मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. माझं काम संपलं होतं.

गुरुवारी हॉटेलवाला आला तेव्हा काकांनी त्याला फणस देऊन परत पाठवलं.

ते जाड रबर कधीच लागलं नाही. पावसाळ्यात दोन सीटांच्या मधे एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात टप टप पाणी पडत राहायचं. मुनीरचाचा भेटले की विचारायचे, “दोन सूत तसंच हाय का?” आणि काका म्हणायचे, “तसंच. आता जुळलंय, कशाला हलवायचं?”

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा काकांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. जीप फणसाखाली होती. तिचा टप काका गेल्यापासून कुणी काढलाच नव्हता, आई म्हणाली. दुपारी अप्पा काठी टेकत माझ्याकडे आले.

“चल. येसूची बाजू धर.” काकांना ते अजून नावानंच हाक मारल्यासारखं बोलत.

आम्ही जीप उन्हात घेतली. मी वाकून आत बघितलं. उजेडाची रेघ तिथेच होती, गिअरच्या दांड्यावर. मी मागे गेले, अप्पा काचेपाशी उभे राहिले. त्यांनी कडेखाली हात घातले. मी चाप सोडला.

“उचला अप्पा,” मी म्हटलं.

ते हलले नाहीत. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हटलं, “अप्पा, उचला.”

त्यांचे हात तसेच होते, तळवे वर, बोटं फायबरखाली. डोळे माझ्याकडे नव्हते. ते वाट बघत होते. चिडून नाही, हट्टाने नाही. हाताला जी सवय इतकी वर्षं लागली होती, ती वाट बघत होती. मग माझ्या लक्षात आलं.

“दादा,” मी म्हणाले. “हं.”

अप्पांनी पान उचललं. आतली ती रेघ आधी बोटभर झाली, मग हातभर झाली, आणि मग आकाश झाली.